तीन लाखांत जुनी गाडी घेताना

पत्र

आम्ही तासगावला राहतो. मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि यजमानांचे स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. एसटीचा प्रवास आता त्यांना झेपत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी करणे आम्हाला परवडत नाही. साठवलेले तीन लाख रुपये हातात आहेत. कर्ज काढायचे नाही, असे ठरवले आहे. सध्या दोन गाड्या पाहण्यात आहेत. एक २०१२ची डिझेल सेडान, धाकट्या दिरांच्या ओळखीतली, २ लाख ९० हजारांना. दुसरी २०१६ची पेट्रोलवरची वॅगन आर, सांगलीतल्या एका डीलरकडची, २ लाख ७५ हजारांना. भावजी म्हणतात, तेवढ्याच पैशांत मोठी गाडी मिळत असताना छोटी कशाला घ्यायची? दिल्लीहून स्वस्तात गाडी आणून देणारा एक माणूसही त्यांच्या माहितीत आहे. आम्हा दोघांना गाडीतले काहीच कळत नाही. काय पाहावे, कशावर विश्वास ठेवावा आणि दिवाळीपर्यंत थांबावे का?

— एक शिक्षिका, तासगाव

उत्तर

ताई, तुमच्यासमोर असलेल्या दोन गाड्यांपैकी एक निवडायची झाली, तर तपासणीत ती नीट निघाली या अटीवर मी वॅगन आर निवडेन. परंतु २ लाख ७५ हजारांना नव्हे. तुमच्याजवळ एकूण तीन लाख आहेत आणि कर्ज काढायचे नाही, याचा अर्थ गाडीची किंमत अडीच लाखांच्या आसपास थांबली पाहिजे. उरलेले चाळीस-पन्नास हजार हे वाचलेले पैसे नसून गाडीचाच भाग आहेत. जुनी गाडी दारात आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती आपली थकबाकी मागते. टायर संपत आलेले असतील तर चारांचे चौदा-पंधरा हजार, बॅटरीचे चार-साडेचार हजार, इंजिन ऑइल, फिल्टर आणि ब्रेकचे काम, विम्याचा हप्ता, आरटीओचे शुल्क, आणि १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेली गाडी असल्यामुळे आधीच्या मालकाने उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही. हा खर्च टळत नाही. ज्यांनी सगळी रक्कम किमतीतच घातलेली असते, त्यांच्याकडे याच वेळी पैसे नसतात; मग ब्रेकचे काम पुढे ढकलले जाते आणि आजारी माणसाला घेऊन तशाच गाडीने प्रवास सुरू होतो. तुमच्या बाबतीत हे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

भावजींचा मुद्दा वरकरणी पटण्यासारखा आहे, म्हणून त्याचा नीट विचार करू. नवी असताना दहा लाखांच्या घरात असलेली सेडान आज तीन लाखांना मिळते, कारण तिची किंमत उतरलेली असते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरलेली नसते. क्लच, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर, हेडलाइट हे सगळे त्या वर्गाच्या गाडीच्या दरानेच घ्यावे लागते. त्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप आणि टर्बो हे भाग दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे केव्हा काम काढतील ते सांगता येत नाही, आणि काढले की खर्च दहा हजारांच्या काही पटींत जातो.

डिझेलमुळे वाचणारे पैसे किती, तेही मांडून पाहा. तासगाव ते मिरज जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर धरले, तर आठवड्याला एकशे वीस, वर्षाला सव्वासहा हजार आणि इतर फिरणे धरून सुमारे आठ हजार किलोमीटर होतील. एवढ्या वापरात डिझेल आणि पेट्रोल यांच्या खर्चातला फरक वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास राहतो. इंजेक्टरचे एकच मोठे काम निघाले की दोन-तीन वर्षांची बचत एका दिवसात संपते. डिझेल गाडी भरपूर पळणाऱ्याला परवडते. तुमचा वापर तेवढा नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात कोणी आणून दिलेली दिसत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ची सेडान २०२७मध्ये पुन्हा आरटीओपुढे उभी करावी लागेल, फिटनेस तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल आणि राज्याचा पर्यावरण करही भरावा लागेल. आज २ लाख ९० हजार मोजून घेतलेली गाडी त्या वेळी विकायला काढली, तर घेणारा हाच हिशेब तुमच्यापुढे मांडेल.

परंतु किमतीहून महत्त्वाचे कारण सासूबाईंचे आहे. डायलिसिसनंतर माणूस थकलेला असतो. सेडानचे आसन खाली असते. त्यात बसताना वाकून खाली जावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर भार देऊन उठावे लागते. वॅगन आरचे छत उंच आहे आणि आसन जवळजवळ खुर्चीच्या उंचीला येते, त्यामुळे वयस्कर माणसाला फक्त वळून बसावे लागते. गाडी पाहायला जाताना, प्रकृती ठीक असेल त्या दिवशी, सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांना दोनदा बसून-उतरून पाहू द्या. पुढेमागे व्हीलचेअर लागण्याची शक्यता असेल तर सीएनजीची गाडी टाळा, कारण डिकीत सिलिंडर आला की घडी केलेली खुर्चीही तिथे मावत नाही. तरीही सीएनजी घ्यायचे ठरलेच, तर त्याची नोंद आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची चाचणी झालेली आहे का, हे आधी पाहावे.

वॅगन आरचे गुण सांगितले, तसे उणेही सांगायला हवे. एप्रिल २०१९पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९पासून चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. २०१६च्या गाड्यांत या गोष्टी सरसकट नव्हत्या, महागड्या किंवा ऐच्छिक प्रकारांतच मिळत. तुम्ही पाहिलेल्या गाडीत त्या आहेत का, हे स्टिअरिंगवरील आणि डॅशबोर्डवरील खूण पाहून आणि गाडीचा नेमका प्रकार विचारून खात्री करा. नसतील तर थोडे थांबून, त्या असलेली गाडी शोधणे मी अधिक योग्य मानतो. याच रकमेत २०१६-१७ची टाटा टियागो, ह्युंदाई ग्रँड आय१० किंवा मारुती सेलेरियोही पाहण्यासारख्या आहेत. दोन एअरबॅग असलेल्या टियागोला ग्लोबल एनकॅप या मोटारींची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत जानेवारी २०२०मध्ये चार तारे मिळाले होते. ज्या कंपन्यांनी भारतातला व्यवसाय आवरला, त्यांच्या गाड्या मात्र तुम्ही घेऊ नयेत. शेवरलेने २०१७च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, डॅटसन २०२२मध्ये बंद झाली. त्यांतल्या काही गाड्या चांगल्या होत्या आणि आज त्या स्वस्तही मिळतात. पण एखाद्या भागासाठी आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहणे तुम्हाला परवडणारे नाही, कारण डायलिसिसचा दिवस पुढे ढकलता येत नाही.

दिल्लीच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, म्हणून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या बाहेर स्वस्त जातात. मात्र ती महाराष्ट्रात नोंदवायची तर मूळ आरटीओची एनओसी (नाहरकत पत्र), इथला कर आणि नवा नोंदणी क्रमांक हे सगळे करावे लागते, आणि गाडी इथे येईपर्यंत तिची तपासणी तुमच्या हातात नसते. हा मार्ग सोडून द्या. तुमच्यासाठी सांगलीची एमएच-१०, फार तर शेजारच्या कोल्हापूर-साताऱ्याची एमएच-०९ किंवा एमएच-११ पासिंगची गाडी बरी. तिचा पूर्वेतिहास इथेच विचारता येतो.

कागदपत्रे गाडी पाहण्याच्या आधी मागवा, नंतर नव्हे. आरसीवरील क्रमांक केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या एम-परिवहन अॅपवर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत समजते. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा कर्जाचा बोजा असेल, तर त्यांचे नाहरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळून तो उतरल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘हप्ते कधीच संपले आहेत’ या तोंडी आश्वासनाला अर्थ नसतो. थकलेले ई-चलन किती आहे तेही ऑनलाइन दिसते, आणि ते विकणाऱ्याने भरायचे असते. बनावटीचा महिना आणि नोंदणीचा महिना यांत सात-आठ महिन्यांचे अंतर असेल, तर गाडीचे वय बनावटीपासून मोजून किंमत ठरवावी. गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेली असून नंतर खासगी केलेली असेल, तर ती घेऊ नये. आरसीवरील चॅसी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी एकेक अक्षर मिळवून पाहा. दोन्ही किल्ल्या मागा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची नोंद असते. विकणाऱ्याला सोबत घेऊन तिथे जा आणि कोणत्या तारखेला किती किलोमीटर झाले होते ते पाहा. मीटर मागे फिरवला असेल तर तो बहुधा इथेच उघडा पडतो.

आता प्रत्यक्ष गाडी. ती सकाळी, उजेडात, कोरड्या अवस्थेत पाहा. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे आदल्या दिवशीच कळवा आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना जो त्रास देते तो तुमच्यापासून लपवला गेला असण्याची शक्यता आहे. मग ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला दुधट, फेसाळ थर आहे का ते पाहा. असल्यास इंजिनात पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. इंजिन सुरू करताना एकाने मागे उभे राहून सायलेन्सरकडे लक्ष द्यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, आत जात आहे. दोन्हींपैकी काहीही दिसले तर आभार मानून परत फिरा, किंमत कितीही कमी केली तरी.

सांगलीत गाडी घेताना पुराचा विचार टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात आले, आणि २०१६ची गाडी या दोन्ही पुरांच्या काळात कुठे ना कुठे उभी होती. त्याच जुलैमध्ये चिपळूण आणि महाडमध्येही असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. पाण्यात गेलेली गाडी धुऊन, पुसून, नवे सीट कव्हर घालून चकचकीत करता येते. पण तिच्या वायरिंगमध्ये शिरलेला ओलावा दोन-तीन वर्षे एकेक बिघाड काढत राहतो.

ओळखायची कशी? पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि थोडा वेळ धरून ठेवा. एरवी गुंडाळीत राहणारा तो शेवटचा हातभर पट्टा सहसा कोणी धूत नाही. त्यावर मातकट डागाची सरळ रेषा असेल, तर पाणी कुठपर्यंत चढले होते ते तिथे दिसते. मग सीट पूर्ण मागे सारून तिच्या खालच्या रुळांकडे आणि बोल्टांकडे मोबाइलच्या उजेडात पाहा. आत बंद जागेत असलेल्या या लोखंडाला एवढा गंज चढण्याचे एरवी कारण नसते. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खोबणीत हात फिरवा, वाळलेला बारीक गाळ बोटांना लागतो. हेडलाइटच्या काचेआड बाष्प, आणि काचा लावून एसी सुरू केल्यावर येणारा कुबट वास, या खुणाही याच दिशेने बोट दाखवतात. यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या, तरी मी ती गाडी घेणार नाही. विकणारा ‘पावसात काच उघडी राहिली होती’ असे सांगेल, पण उघड्या काचेतून आलेले पाणी सीटबेल्टवर रेषा काढत नाही.

अपघाताच्या खुणा धीराने शोधाव्या लागतात. दरवाजाच्या चौकटीवरची रबरी बीडिंग बोटभर उचला. आत कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके समान अंतरावर दिसले पाहिजेत. ते पुटीने बुजलेले किंवा वेडेवाकडे असतील, तर त्या बाजूचा पिलर, म्हणजे छताला आधार देणारा खांब, दुरुस्त झालेला आहे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पाना लागून उडाला आहे का ते पाहा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो. सगळ्या काचा एका बनावटीच्या आणि एकच वेगळी असेल, तर ती का बदलली ते विचारा. एखाद्या दरवाजाचे टचिंग झालेले असणे हा दोष नाही, आपल्या रस्त्यांवर सात-आठ वर्षे फिरलेली गाडी ओरखड्याविना राहत नाही. नाकारायची ती चौकट, पिलर किंवा समोरचा एप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) दुरुस्त केलेली गाडी.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२२’ असेल तर तो २०२२च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मीटर पस्तीस हजार दाखवत असेल आणि टायरचा दुसरा संचही गुळगुळीत झालेला असेल, तर हे जुळत नाही. टायर वयामुळेही बदलतात, पण दुसरा संच एवढ्या कमी अंतरात झिजत नाही. क्लचच्या पेडलचे रबर आणि गिअरची मूठ यांची झीजही मीटरच्या आकड्याशी ताडून पाहावी.

चालवून पाहताना अर्धा तास तरी घ्या आणि रस्ता तुम्ही निवडा. थोडा खडबडीत भाग, दोन-चार गतिरोधक, एक चढ आणि थोडा मोकळा रस्ता त्यात हवा. गतिरोधकावर खालून खडखड येते का, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही का, हे पाहा. शेवटचे लक्षण असेल तर क्लच संपत आला आहे. एसी पूर्ण वेळ सुरू ठेवा आणि तापमानाच्या इशाऱ्यावर नजर असू द्या. या वेळी गाणी लावलेली असतील तर ती बंद करायला सांगा.

हे सगळे वाचून तुम्ही स्वतः निदान करावे, अशी माझी अपेक्षा नाही. तुम्ही पहिली चाळणी लावा, आणि जी गाडी तिच्यातून पार पडेल ती मेस्त्रीला दाखवा. मेस्त्री विकणाऱ्याने सुचवलेला नसावा, भावजींच्या मित्राचाही नसावा. ज्याचा या व्यवहारात काहीच संबंध नाही असा, शक्यतो त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम केलेला माणूस पाहा आणि त्याला त्याच्या वेळेचे हजार-दीड हजार रुपये मोकळ्या मनाने द्या. गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहणे आणि स्कॅनर लावून एरर कोड, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी, तपासणे, या दोन गोष्टी त्याच्याकडून अवश्य करून घ्या. डीलर तपासणीला नाही म्हणाला, तर तेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर समजा.

किमतीची बोलणी तपासणीनंतर करा, म्हणजे मागणीला कारण राहते: टायरचे इतके, सस्पेन्शनचे इतके, म्हणून एवढे कमी. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या नव्या मोटारींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांचे दर तेच राहू शकत नाहीत. त्याआधीच्या भावावर अडून बसणाऱ्या डीलरला त्याच गाडीच्या नव्या मॉडेलचा आजचा ऑन-रोड भाव विचारा.

पैसे देताना बँकेतूनच द्या आणि बयाणा लहान ठेवा, पाच-दहा हजारांपेक्षा अधिक नको. बयाण्याच्या पावतीवर ‘मेस्त्रीच्या तपासणीत दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ असे लिहून घ्या. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेण्याची तरतूद लागू आहे; तुमच्या डीलरकडे ते आहे का, हे विचारायला संकोच करू नका. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवरील मालकाच्या सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात. ‘नाव सावकाश चढवू’ हे वाक्य स्वीकारू नका. ज्याच्याकडून तुम्ही घेत आहात, त्याच्याही हे हिताचे नाही, कारण नोंदीत नाव असणाराच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही कोणी टाळाटाळ करत असेल, तर शेवटचे पंचवीस हजार हस्तांतराचा अर्ज दाखल झाल्याची पावती मिळेपर्यंत राखून ठेवा.

विम्याचेही त्याच आठवड्यात करा. व्यवहारापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा लागतो. तृतीय पक्षाचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचे, संरक्षण कायद्याने आपोआप तुमच्याकडे येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत नाही, त्यामुळे हप्त्यात थोडी जादा रक्कम भरावी लागेल. ती चाळीस-पन्नास हजारांतून द्या.

दिवाळीचे विचारलेत. दसरा-दिवाळीला लोक नवी गाडी घेताना जुनी एक्स्चेंजमध्ये देतात, त्यामुळे दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात डीलरकडे गाड्या जास्त येतात आणि निवडीला वाव मिळतो. जानेवारी लागला की गाडीचे वय कागदावर एका वर्षाने वाढते, म्हणून डिसेंबरमध्ये विकणाराही थोडा नमतो. तेवढे थांबणे सासूबाईंना झेपत असेल, तर जरूर थांबा आणि तोपर्यंत आठवड्याच्या दोन फेऱ्यांसाठी गावातल्याच एखाद्या गाडीवाल्याशी महिन्याचा ठोक दर ठरवून पाहा. सुटी भाडी देण्यापेक्षा ते कमी पडते. झेपत नसेल, तर याच आठवड्यात सांगलीच्या वॅगन आरचा क्रमांक अॅपवर टाका, एअरबॅगची चौकशी करा आणि सीटबेल्ट ओढून पाहा.